जावेची नक्कल

सुभद्रेच्या गळ्यात हार पडला, की त्या दिवशी मथुरेच्या कालवणात मीठ जास्त पडायचं. सासूला, काशीबाईला, हे गणित बरोबर ठाऊक होतं. पहिला घास तोंडात गेला की म्हातारी ताट हळूच पुढं सारायची आणि विचारायची, "आज खंय होती गो सभा सुभद्रेची?"

"माका काय म्हायत? मी काय तिची सेक्रेटरी?" असं म्हणून मथुरा चुलीतलं लाकूड उगाचच आत ढकलायची.

लोक मथुरेला जळकुकडी म्हणत. होतीच ती जळकुकडी, खोटं कशाला बोला! पण तिची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. मथुरा थोरली जाऊ, सुभद्रा धाकटी. घर शिरोड्याला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ. मधे भिंत घालून दोन चुली केलेल्या, पुढचं अंगण, म्हणजे खळं, मात्र एकच. शंकर आणि लवू हे दोघे भाऊ एकाच होडीवर. शंकर मथुरेचा, लवू सुभद्रेचा. मथुरा सकाळी किनाऱ्यावर मासे घ्यायची, पाटी डोक्यावर, आणि बाजारात सासूच्या जागेवर जाऊन बसायची. सासू बसायची त्याच जागेवर, त्याच फरशीवर. दुपार होईपर्यंत ओरडून ओरडून घसा कोरडा पडायचा. तिला कोणी कधी हार घातला नाही. गिऱ्हाइकं भाव पाडत, बांगड्याचे कल्ले उघडून बघत आणि वर म्हणत, "गो मावशे, काल बरे होते."

सुभद्रा लग्न होऊन आली तीच मुळी दहावी पास. तीही काही वर्षं मथुरेच्या शेजारी मासे विकायला बसली, पण तेच गिऱ्हाईक तिला मात्र 'ताई' म्हणायचं. मथुरेचं पोट दुखायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

तीन वर्षांमागं सुभद्रेच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. गोव्यात ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, मग ती सलाइनमधून द्यायची औषधं सुरू झाली. केस गेले, भुवया गेल्या, जेवण जाईना. त्या दिवसांत मथुरेनं काही केलं नाही असं कोणी म्हणेल तर त्याची जीभ झडेल. पेज तिनं शिजवली, सुभद्रेच्या पोरांना जेवू तिनं घातलं, आणि देवासमोर बसून रडली ती अगदी मनापासून. मरणाऱ्या माणसावर जळता येत नाही, आणि सुभद्रा आता जाते असंच सगळ्यांना वाटत होतं.

पण सुभद्रा कसली जाते! बरी झाली. केस परत आले, आणि आले ते मेले कुरळे. आधी सरळसोट होते, आता कपाळावर कुरळ्या बटा! मथुरेनं ते बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मरणाच्या दारात जाऊनसुद्धा ही बया काहीतरी घेऊनच आली.

आणि मग सुरू झाली ती जीप. आरोग्य खात्याची पांढरी जीप खळ्याच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची. "सुभद्राताई आहेत का?" सुभद्रा इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून निघायची. आज आरवली, उद्या रेडी, परवा पार फोंडाघाट. गावागावांत बायका जमवायच्या आणि त्यांना सांगायचं, की बायांनो, स्वतःची छाती स्वतः तपासा, गाठ लागली तर लपवू नका, डॉक्टरकडे जा. सुभद्रेनं एक कापडी थैली शिवली होती. आत सावरीचा मऊ कापूस आणि त्यात कुठंतरी एक चिंचोका. ती थैली बायकांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, शोधा. बायका दाबून दाबून चिंचोका शोधायच्या, सापडला की हसायच्या. शेवटी शाल, नारळ आणि तो हार. घरी आल्यावर सुभद्रा तो हार काशीबाईच्या पायाशी ठेवायची. एकही कधी मथुरेच्या वाट्याला आला नाही.

सुभद्रा बाजारात बसायची बंद झाली होती. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळं डावा हात सुजायचा, पाटी उचलायला डॉक्टरांनी बंदी केली होती. हाताला ती घट्ट पट्टी बांधून बसायची.

"हात सुजता म्हणे," मथुरा बाजारात शेजारणीला सांगायची. "हार घालून घेताना बरो वर जाता!"

शेजारीण हसायची. मथुरा बोलायला लागली की लोक हसायचेच, कारण तिच्यासारखी नक्कल करणारी बाई अख्ख्या शिरोड्यात नव्हती. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत दुपारची जेवणं आटोपली की बायका फुगड्या घालायला जमत. पुरुषांना तिथं मज्जाव. फुगड्या घालून दमल्या की मग सोंगं व्हायची आणि सोंगं म्हणजे मथुरा. एका वर्षी तिनं एसटीचा कंडक्टर केला, एका वर्षी तलाठी. एकदा तर गुरांचा डॉक्टर असा केला की हिरा नावाच्या शेजारणीला हसून हसून उचकी लागली आणि पाणी पाजून बसवावी लागली. वर्षातले ते चार दिवस मथुरेचे होते. तिथं ती राणी होती.

दोन हजार सहाच्या चवथीला हिरेच्या खळ्यात अशाच बायका जमल्या होत्या. कोणीतरी ओरडलं, "मथुरे, औंदा कोणाचा सोंग?"

मथुरेनं पदर खोचला. "औंदा आमच्या सुभद्रेचा!"

खळं नुसतं दणाणलं. सुभद्रा तिथंच होती, खांबाला टेकून बसलेली. ती लाजून हसली आणि म्हणाली, "कर गो वैनी, कर. माकाव बघूंदे." मथुरेला ते आवडलं नाही. जिची टर उडवायची तिनं आधीच परवानगी देऊन टाकली, की मजाच जाते.

तरी तिनं सुरुवात केली. डोकं एका बाजूला कलतं केलं, कपाळावरची बट बोटानं मागं सारली, आणि सुभद्रा सभेत बोलते ती शुद्ध मराठी काढली. "नमस्कार भगिनींनो! लाजू नका. लाजेनं जीव जातो. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आंघोळीच्या वेळेला. ही तीन बोटं बघा. ह्याच बोटांनी तुम्ही भाकरी थापता, ह्याच बोटांनी माशाची खवलं काढता. मग आपल्याच अंगाला हात लावायला कसली भीती?"

आवाज हुबेहूब. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. सुभद्राही तोंडाला पदर लावून हसत होती.

मथुरेला चेव आला. तिनं डावा हात डोक्यामागं नेला, उजव्या हाताची तीन बोटं डाव्या छातीवर टेकवली आणि डोळे मोठे करून ती बोटं गोल गोल फिरवायला लागली. "असं गोल! कडेकडेनं! आता काखेकडं! घाई करू नका, तुमचा घोव काय पळून जात नाही!"

बोटं काखेकडं सरकली आणि थांबली.

पोलक्याच्या आत, कातडीच्या खाली, काहीतरी होतं. काजूच्या बीएवढं. मथुरेनं दाबलं. ते थोडं सरकलं आणि परत बोटाखाली आलं.

"पुढं बोल गो!" हिरा ओरडली. "इसारलंस काय?"

मथुरेचं तोंड आपोआप चालू राहिलं. "आणि गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका, भगिनींनो," असं काहीतरी ते बोललं, बायका परत खिदळल्या, कोणी टाळ्या वाजवल्या. खळ्यातल्या सगळ्या हसत होत्या. एक सुभद्रा तेवढी हसायची थांबली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मथुरा पाणी पिण्याच्या निमित्तानं उठली आणि मागीलदारी गेली. विहिरीशी पोचते न पोचते तोच सुभद्रा पाठीमागं हजर.

"वैनी, हात खंय थांबलो तुझो?"

"खंय थांबलो? सोंगात वायच थांबाचा लागता. लोक हसतत."

"माका बघूंदे."

"तुका बघूक देवक माका याड लागला?" मथुरा एकदम उसळली. "उद्या जीपीत बसून गावभर सांगतलंस, माझ्या थोरल्या जावेकव मीच वाचयलंय म्हणान! होया आसा तुका आनी एक हार!"

सुभद्रेचा चेहरा उतरला. "मी कोणाक सांगूचंय नाय," एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

आता दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जावं की नाही? तुम्ही आम्ही गेलो असतो. पण मथुरेच्या डोक्यात वेगळंच चक्र चालू झालं. डॉक्टरकडं जायचं म्हणजे कोणाकडं? तपासणी सुभद्रेच्या ओळखीनं, नर्स सुभद्रेची मैत्रीण, शिबिरात रांग लावणारी सुभद्रा. आणि गाठ वाईट निघाली तर? तर लोक म्हणणार, सुभद्रेला झालं तेच मथुरेलाही झालं. दुखणंसुद्धा धाकटीच्या मागून आलेलं! मथुरेला मरणाची भीती वाटत होती, फार वाटत होती. पण सुभद्रेच्या भाषणातलं एक वाक्य होऊन जगायचं, ह्याचीही तिला तेवढीच भीती वाटत होती.

न्हाणीत शिरली की तिचा हात आधी तिथं जायचा. आज नसेल. आज जिरली असेल. असायचीच. दुखत मात्र नव्हती, म्हणून ती मनाची समजूत घालायची की दुखत नाही म्हणजे काही नाही. आणि लगेच तिच्याच आवाजात ते वाक्य कानात वाजायचं, 'गाठ दुखत नाही म्हणून सोडू नका, भगिनींनो.' दुसऱ्याची नक्कल करणाऱ्याला ही शिक्षाच असते. त्याची वाक्यं आपल्याला पाठ होऊन बसतात.

शेवटी तिनं स्वतःपुरती एक वाट काढली. कसालला जायचं. कसालच्या बाजारात म्हणे एक जुना डॉक्टर होता आणि तिथं मथुरेला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. मावसबहिणीला बघून येते असं घरी सांगितलं, एका बाजाराच्या दिवसावर पाणी सोडलं, आणि एसट्या बदलत बदलत ती कसालला पोचली.

डॉक्टर म्हातारा, सभ्य माणूस. "बोला बाई, काय होतंय?"

मथुरेनं तोंड उघडलं. सांगणारच होती. इतक्यात तिची नजर डॉक्टरच्या डोक्यावर गेली. भिंतीवर खात्याचं नवं पोस्टर लावलेलं होतं आणि त्या पोस्टरवरून सुभद्रा हसत होती! सभेला नेसायची ती जांभळी साडी, त्याच कुरळ्या बटा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी वेळेत तपासून घेतलं. तुम्ही?'

मथुरेच्या डोक्यात सणक गेली. घरापासून इतकी लांब आली, आणि ही इथं आधीच येऊन भिंतीवर बसलेली! हिच्यासमोर पोलकं सोडायचं?

"खांदो दुखता," मथुरा म्हणाली.

"कुठला?"

"डावो. पाटी उचलून उचलून."

डॉक्टरनं बिचाऱ्यानं खांदा हलवून बघितला, गोळ्या दिल्या आणि चोळायला मलम दिलं. आणखी काही त्रास आहे का, असंही विचारलं. मथुरेनं मान हलवून नाही म्हटलं आणि पोस्टरकडं न बघता बाहेर पडली. एसटीत बसल्यावर तिला रडू फुटलं. शेजारच्या बाईनं विचारलं, तर तिला सांगितलं की मावसबहीण सिरियस आहे.

संध्याकाळी शंकरला ते मलम दिसलं. "खांदो दुखता तर सांगाचा नाय?" असं म्हणत तो तिच्या मागं बसला आणि मलम चोळू लागला. होडीवर दोर ओढून त्याचे तळवे खरबरीत झालेले, पण चोळत होता हळुवार. गाठीपासून चार बोटांवर त्याचा हात फिरत होता. मथुरेला वाटलं, आत्ता सांगावं. वाटलं, ह्याचाच हात धरावा आणि तिथं ठेवावा. तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाली, "पुरे. बरा वाटता आता."

दसरा आला नि गेला. सुभद्रेनं खरंच कोणाला काही सांगितलं नव्हतं. लवूला नाही, सासूला नाही, जीपमधल्या बायांनाही नाही. मथुरा रोज वाट बघायची, की आज हिची जीभ घसरेल आणि मग मला हिच्याशी कडाडून भांडता येईल. ती घसरेना. ह्याचाही मथुरेला संताप आला. शत्रूनं शत्रूसारखं वागू नये, म्हणजे काय!

सुभद्रा तेवढी रोज सकाळी खळ्यात समोरासमोर आली की भुवया उंचावून विचारायची. मथुरा मान फिरवायची. असं चाललं होतं.

आणि एके दिवशी ऐन बाजाराच्या वेळेला सुभद्रा बाजारात आली. मथुरा सुरमई कापत होती. सुभद्रा तिच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली, फरशीकडं वाकून बघितलं, वीतभर लांब सरकून परत बघितलं.

"काय बघतंस?" मथुरेनं विचारलं.

"जागा बघतंय."

"कसली जागा?"

"ही. सासयेची." सुभद्रेचा आवाज अगदी शांत. "तुझ्यामागना हंय माकाच बसाचा लागतला मा? भायल्या माणसाक कशी देवची? पाटी उचलूक लवू आसा. नि गिऱ्हायकां काय, ती माका पयल्यापासना ताईच म्हणतत."

मथुरेच्या हातातला कोयता तसाच राहिला.

"नि भावोजींच्या जेवणाची काळजी करू नको," सुभद्रा पुढं म्हणाली. "माझ्या हातचा बांगड्याचा तिखला तेंका आवडता. तुझ्या हाताक आताशा मीठ जास्त पडता, सासू सांगी होती."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" मथुरा ताडकन उठली. आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "जित्या माणसाच्या जागेर बसतंस? माझ्या घोवाक जेवण घालतंस? कुरळ्या केसांची भवानी! मी मरूचंय नाय! आयकलंस? तुका ही जागा मेळाची नाय म्हणजे नाय!"

"मगे चल."

"खंय?"

"बुधवारी हॉस्पिटलात कोल्हापूरची डॉक्टरीण येता. सोनोग्राफीव आसा. जगलंस तर जागा तुझी."

ही आपल्याला खेळवते आहे, हे मथुरेला लख्ख कळलं होतं. पण जळकं माणूस कळूनसुद्धा फसतं. त्याला दुसरा इलाज नसतो. "येतंय!" ती ओरडली. "तुझ्या नाकार टिच्चून येतंय!" आणि खाली बसून तिनं सुरमईचे उरलेले तुकडे असे काही केले, की गिऱ्हाइकाला तक्रार करायची हिंमत झाली नाही.

बुधवारी दोघी एकाच एसटीनं गेल्या, पण मथुरा पुढच्या सीटवर बसली आणि सुभद्रा मागच्या. हॉस्पिटलच्या पडवीत बाकांवर बायका बसल्या होत्या. सुभद्रेला बघितल्याबरोबर निम्म्या हसल्या, कोणी उठून जागा दिली. "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून आले हो," असं एक म्हातारी तिचा हात धरून म्हणत होती. मथुरा भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. तिला जळायला हवं होतं, रोजच्यासारखं. पण पोटात भीतीच एवढी होती की जळायला जागा उरली नव्हती. डोळ्यांपुढं शंकरचा तो खरबरीत तळवा येत होता. देवा म्हाराजा, ती मनात म्हणाली, हिका काय होया ता दी, हार दी, शाल दी, पण माका जगव.

तिचं नाव पुकारलं गेलं. सुभद्रा तिच्याबरोबर आत आली आणि मथुरेनं तिला जा म्हटलं नाही.

डॉक्टरीण मध्यमवयीन होती, चष्मा लावलेली, कामाची घाई असूनही आवाजात घाई नसलेली. तिनं दोन्ही बाजू तपासल्या, काखा तपासल्या. डाव्या बाजूला बोटं थांबली. "कधीपासून आहे?"

"चवथीपासना," मथुरा म्हणाली. मग सुधारून म्हणाली, "गणपतीपासून."

"आणि आता येताय?"

मथुरेनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पोटावर सोनोग्राफी करतात हे तिला माहीत होतं, छातीवरही करतात हे आज कळलं. गार, चिकट काहीतरी लावून ते यंत्र फिरलं. पडद्यावर राखाडी ढग आणि त्यात एक काळं भोक. सुभद्रा त्या पडद्याकडं टक लावून बघत होती, आणि मथुरा सुभद्रेच्या चेहऱ्याकडं, कारण पडद्यावरचं तिला काही कळत नव्हतं.

"पाण्याची गाठ दिसतेय," डॉक्टरीण म्हणाली. "सुई घालून बघू. जरासं टोचेल."

टोचलं. सुईच्या नळीत फिकट पिवळं पाणी आलं. डॉक्टरीण म्हणाली, "हात लावून बघा." मथुरेनं बोटं टेकवली. काजूची बी गेली होती! काहीच नव्हतं तिथं. तिनं परत दाबलं, काखेपर्यंत जाऊन आली. नव्हतं.

"म्हणजे... कॅन्सर नाय?"

"नाही. बायकांच्या बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात. पण बाहेरून हाताला दोन्ही सारख्याच लागू शकतात. साधी की वाईट, हे तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही, मलाही नाही. त्यामुळं इतके दिवस घरी बसलात ते चूक केलंत आणि आज आलात ते उत्तम केलंत. सहा महिन्यांनी परत दाखवा. इथं पाठवलं कोणी तुम्हाला?"

हे उत्तर द्यायला मथुरेला फार जड गेलं. पण आज ती देवाला शब्द देऊन बसली होती. "माझ्या जावेनं," ती म्हणाली आणि मग तिला हसू फुटलं. ती हसली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी येतंय, पोलक्याची बटणं उलटसुलट लागतायत आणि ही हसतेय. नर्सही हसायला लागली. "सुभद्रे, अगो, पाणी निघाला! निस्ता पाणी!" असं म्हणत ती वळली.

सुभद्रा खोलीत नव्हती.

मथुरेनं तिला पडवीत शोधलं, बाकांवर शोधलं. ती सापडली हॉस्पिटलच्या मागं, कपडे धुवायच्या नळापाशी, पायरीवर बसलेली. तोंड धुतलेलं, पुसलेलं नाही.

"काय गो? हंय काय करतंस? आयकलंस मा? पाणी निघाला!"

"आयकलंय."

"मगे?"

सुभद्रेनं वर बघितलं. मथुरेनं आयुष्यात तिच्या चेहऱ्यावर हजार वेळा नजर ठेवली होती, तिचं हसू, तिच्या बटा, तिची लाज, सगळी तिला पाठ होती. हे मात्र तिनं तिथं कधी बघितलं नव्हतं.

"माका बरा वाटाक होया होता गो वैनी," सुभद्रा म्हणाली. "देवाशपथ सांगतंय, वाटाक नाय. तिना सुई घातल्यान नि तुझी गाठ गेली. माझीव अशीच लागी होती हाताक. काजूच्या बियेयेवढीच. मगे हिका कित्याक पाणी? नि माका कित्याक..." ती थांबली. मग खाली बघून म्हणाली, "यंत्र फिरत होता तेवा माका वाटला, हिचीव तशीच निघांदे."

मथुरेनं उलटं लागलेलं एक बटण सोडून परत लावलं.

"लोक माका शाल घालतत, हार घालतत. मगे आपआपल्या घराक जातत. माझ्यासारखी कोणच नाय. पोलका बदलताना मी लवूक भायर पाठयतंय, म्हायत आसा तुका? माका वाटला, तू येतलंस माझ्या बाजूक. आमी दोगी आसतलंव." तिनं तोंडावर हात घेतला. "तुका वाचवक म्हणान हाडलंय मी हंय, की सोबतीक वांगडीण होयी होती म्हणान हाडलंय, माझा माकाच आता कळना नाय. मी बरी बाई नाय वैनी. सगळ्यांका फसयतंय मी."

मथुरेला राग यायला हवा होता. बाजारात जागेवरून तिनं आकाशपाताळ एक केलं होतं, आणि इथं तर ही बाई तिचं मरण चिंतून बसली होती. पण राग येईना. सुभद्रेच्या चेहऱ्यावर जे होतं ते मथुरेच्या घरचंच होतं. ते कुठं सुरू होतं, कुठं टोचतं, त्यानं तोंडाची चव कशी जाते, ह्यातलं तिला न कळण्यासारखं काहीच नव्हतं. उलट तिला धस्स झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. इतकी वर्षं ज्या बाईवर आपण जळलो, तिनं आपल्यावर जळावं असं आपल्याजवळ काय काय होतं, हे मथुरेनं कधी एकदासुद्धा मोजलं नव्हतं.

ती पायरीवर सुभद्रेला चिकटून बसली.

"किती वेळ जालो तुका जळतंस त्याक?"

"काय?"

"इचारतंय, किती वेळ जालो?"

"आताच. डॉक्टरीण बोलली तेवा."

"शी! आताच?" मथुरा म्हणाली. "मी तू उंबरो ओलांडून इलंस त्या दिसापासना जळतंय. तुझे केस गेले तेवा माका एक दिस बरा वाटला होता. एकच दिस. मगे तू मरतलंस म्हणान देवाकडे जावन रडलंय. नि केस कुरळे इले तेवा परत पोटात दुखला."

सुभद्रेनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. एकदम ती हसली, हसता हसता रडली, आणि मथुरेच्या खांद्यावर कपाळ टेकून मोठ्यानं रडली. मथुरा तिला थोपटत राहिली. नळाखालच्या बादलीत पाणी भरून वाहायला लागलं होतं, तिनं पायानंच चकती फिरवून नळ बंद केला.

"जळ बाये, जळ," ती म्हणाली. "माझ्यार जळ. दुसऱ्या कोणार जळू नको, माका राग येतलो."

बऱ्याच वेळानं सुभद्रेनं पदरानं डोळे पुसले.

"ह्या जळणा जाता काय गो वैनी?" तिनं विचारलं. "कधी तरी?"

खोटं सांगून धीर देता आला असता. पण ह्या एका बाबतीत मथुरेचा अनुभव मोठा होता.

"जायना नाय," ती म्हणाली. "पण तेच्या वांगडान जगाक येता."